हरीओम साऊंड सर्व्हिसचा वायरवाला माईक

मित्रांनो, आधी जरा मागे सरका. इतकं तोंडाजवळ यायचं काही कारण नाही. आणि फुंकर मारू नका, हात जोडून सांगतो. जो येतो तो आधी मला फुंकतो, मग टकटक डोक्यावर मारतो आणि मग ‘हॅलो, हॅलो’ करतो. अरे, दारात आलेल्या पाहुण्याला कोणी टपली मारून विचारतं का, जिवंत आहेस का म्हणून?

तर मी एक जुना माईक आहे. वायरवाला. अंग धातूचं, डोक्यावर तारेची गोल जाळी, पोटावर चालू-बंद करायचं बटण आणि शेपटीला ही लांबलचक काळी वायर. दिसायला मी देखणा नाही, पण कामाला पक्का आहे, आणि हे मी स्वतःच सांगतो. माझी तारीफ करायला दुसरा कोणी रिकामा बसलेला नाही.

माझा जन्म दिल्लीकडच्या एका कारखान्यात झाला. तिथे बायका रांगेने बसून कामं करीत. एकीने माझ्या पोटात लोहचुंबक बसवलं. दुसरीने केसाहून बारीक तारेचं वेटोळं ठेवलं. तिसरीने त्या वेटोळ्यावर कांद्याच्या पापुद्र्यासारखा पातळ पडदा चिकटवला. समोर आवाज झाला की पडदा हलतो, पडद्याबरोबर वेटोळं हलतं, आणि चुंबकाजवळ तार हलली की तिच्यात इवलीशी वीज उमटते. तीच वीज वायरीतून पुढे जाते आणि तिचाच पुढे आवाज होतो. मला बॅटरी लागत नाही, लाड लागत नाहीत. अशा माईकला डायनॅमिक माईक म्हणतात. नाव मोठं असलं तरी स्वभाव साधा आहे. समोर ढोल बडवा नाहीतर गळा फाडून ओरडा, माझ्या पडद्याला काही होत नाही. शेवटी एका बाईने जाळीच्या आत स्पंजचं टोपरं बसवलं, म्हणजे बोलणाऱ्याची फुंकर आणि थुंकी आत जाऊ नये, आणि जाळी फिरवून घट्ट केली. झालं माझं बारसं.

तिथून मी वाशिमच्या एका दुकानात आलो आणि दुकानातून केनवडच्या हरीओमकडे. हरीओमची साऊंड सर्व्हिस होती. दोन भोंगे, स्पीकरचे दोन मोठे डबे, आवाज वाढवणारं एक मशीन आणि मी. अहाहा, काय दिवस होते ते! लग्न माझं, सप्ताह माझा, शाळेची पंधरा ऑगस्ट माझी, ग्रामसभेतली भांडणंसुद्धा माझीच. बाजारात कोणाची बकरी चुकली तरी लोक माझ्याकडे धावत. दौलतराव नावाचे एक पुढारी एकदा हातात घेतलं की मला सोडतच नसत. लोक उठून घरी जायचे, जेवून परत यायचे, तरी दौलतराव सुरूच. मी कधी कुरकुर केली नाही. मंडळी म्हणायची, “हरीओमचा माईक म्हणजे बावा, एक नंबर. कधी शिटी मारत नाही.”

शिटी म्हणजे ती कान फाडणारी किंचाळी. भोंग्याचा आवाज फिरून माईकच्या तोंडात शिरला की ती होते. माझी ती खोडच नाही. मला समोरचं ऐकू येतं. पाठीमागे कोण काय बोलतं, मला घेणं ना देणं. बरेच जण याला कमीपणा समजतात. मी गुण समजतो, आणि पुढे काय झालं ते ऐकलंत की तुम्हीही समजाल.

मग हरीओमने ऑर्केस्ट्रा काढला आणि बिनवायरचे माईक आले. लाल दिवा, निळा दिवा, हातात धरून नाचता येईल असे. गाणाऱ्यांना तेच हवेसे झाले. मी एकदा स्टेजवरून पडलो, माझी जाळी चेपली. हरीओमने ती काढून चमच्याच्या मागच्या बाजूने आतून ठोकली, सरळ केली, आणि मला पत्र्याच्या पेटीत मांडवाच्या दोऱ्यांखाली ठेवून दिलं. तिथेच माझी वर्षं गेली. वाईट वाटायचं, खोटं कशाला बोलू? बाहेर लग्नाची गाणी वाजायची आणि मी अंधारात सुतळी मोजत बसायचो.

वर्षातून एकदा मात्र मला बाहेर काढत. खंडेनवमीला. त्या दिवशी शेतकरी नांगर पुजतो, सुतार रंधा पुजतो, तसा हरीओम आपलं सगळं सामान मांडून पुजायचा. आणि माझ्याविषयी त्याच्या मनात माया होती, कारण धंद्यातली पहिली कमाई माझ्यावर झालेली. म्हणून मला सगळ्यांत जास्त हळद, सगळ्यांत जास्त कुंकू, वरून अक्षता. जुन्या गणपती मिरवणुकांचा गुलाल आधीच डोक्यात बसलेला होता, त्यावर हे. मी आपला खुशीत. देव झाल्यासारखं वाटायचं.

आता रंजीताचं सांगतो. खरी गोष्ट तिचीच आहे.

मेडशीजवळच्या एका तांड्यावर रामधन आणि धनीबाई राहतात. रंजीता त्यांची थोरली. आधी ती हरीओमच्या ऑर्केस्ट्रात गायला यायची. तेव्हा मी पेटीत गेलो नव्हतो, तिचा आवाज मी चांगला ओळखतो. मग ऑर्केस्ट्रातला गिटारवाला काम सोडून नागपूरला गेला आणि आपली इलेक्ट्रिक गिटार हरीओमला विकून गेला. कोणाला ती वाजवता येईना. रंजीताने मोबाईलवर बघून बघून शिकून घेतली, आणि अशी शिकली की लग्नात लोक नवरदेव सोडून तिच्याकडे बघायला लागले. हरीओमने गिटार आणि तिचा अँप तिलाच देऊन टाकला. अँप म्हणजे तो पेटीसारखा स्पीकर, ज्यातून इलेक्ट्रिक गिटारचा आवाज बाहेर येतो.

यंदा पुण्याच्या एका संगीतकार बाईंनी तिचं वाजवणं मोबाईलवर ऐकलं. त्या लोकगीतांचा मोठा अल्बम करीत होत्या. त्यांनी रंजीताला एक गाणं पाठवलं आणि सांगितलं, यावर गिटार वाजवून रविवारपर्यंत पाठव, आवडलं तर सगळ्या गाण्यांचं काम तुला, घरी बसूनच करायचं. रंजीताने लगेच फोन समोर ठेवून वाजवलं आणि पाठवलं. उत्तर आलं, ‘वाजवलंस सुरेख, पण आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा येतोय. नीट माईकवर रेकॉर्ड कर.’

आणि इकडे सोमवारी ऊसतोडीची टोळी निघणार होती. रामधन आणि धनीबाई दरवर्षी जातात, उन्हाळा लागेपर्यंत तिकडेच फडावर राहतात. यंदा रामधनने लेकीलाही टोळीत धरलं होतं.

“आईतवारपर्यंत काम भेटलं तं राह्य तू घरी,” तो म्हणाला. “नाही भेटलं तं मुकाट्यानं आमच्यासंगं चाल. मंग गिटार-फिटार काही बोलू नको मले.”

घरात ही माणसं आपल्या गोरमाटी बोलीत बोलतात, पण बाहेरचं कोणी बसलं असलं की वऱ्हाडीत, म्हणून मी तुम्हाला ते वऱ्हाडीतच सांगतो. रामधन वाईट माणूस नाही. लेक फुकट स्वप्नात राहू नये, एवढंच त्याचं म्हणणं. पण रंजीताला ठाऊक होतं, एकदा हातात कोयता आला की गिटार खुंटीवर राहील, आणि पुढच्या वर्षी पुन्हा कोयताच येईल.

तर माईक कोणता घ्यावा? रंजीताचा मामेभाऊ विनोद मंगरूळपीरहून आला. तो लग्नाचं शूटिंग करतो. त्याच्याकडे लॅपटॉप, माईक जोडायची छोटी डबी आणि एक चकचकीत कंडेन्सर माईक होता. मोबाईलवर त्याने आणखी ढीगभर माईक दाखवले, सोनेरी, काळे, उभे, आडवे.

“हा पाह्य, याले लय स्टार हायेत. स्टुडिओवाले हेच वापरतात.”

“अरे पण मागवला तं मेडशीले येईन कधी?” रंजीता म्हणाली. “तुह्यावालाच लाव आधी.”

विनोदचा माईक काही वाईट नव्हता. जातभाई आहे, उगाच नावं ठेवणार नाही. पण कंडेन्सरचा कान फार तिखट. शांत बंद खोलीत गाणाऱ्या गळ्याला तो सोन्यासारखा. तांड्यावरच्या घरात, ऐन सोयाबीनच्या दिवसांत, त्याचं काय होणार? शेजारच्या वावरात मळणीयंत्र घरघरत होतं. रंजीताने एक तुकडा वाजवला आणि ऐकला. गिटार होती, पण तिच्याबरोबर मळणीयंत्र होतं, बकरी होती, धनीबाईच्या बांगड्या होत्या आणि पलीकडच्या घरातल्या नानीबाईंचा खोकलासुद्धा होता. अँपचा आवाज वाढवावा तर तो माईक तडतडायला लागला.

“यंत्र बंद कराले सांगू का त्यायले?” विनोद म्हणाला.

“सोंगून पडलेलं सोयाबीन हाय लोकायचं! तुह्या माईकसाठी कोण थांबते?” धनीबाईने आतूनच उत्तर दिलं.

तेव्हा रंजीताने हरीओमला फोन लावला. “दादा, तुमचा थो जुना माईक हाये का? वायरवाला?”

मी तर पेटीत होतो, म्हणून हे सगळं मला हरीओमने नंतर रस्त्याने मोटारसायकलवर गाणं म्हटल्यासारखं सांगितलं. “चाल बावा, तुले बोलावणं आलं.” मित्रांनो, माझा पडदा नुसत्या आनंदाने थरथरला.

पण तिथे पोचल्यावर हरीओमने पहिलीच गंमत केली. ढोलकीसमोर माईक धरतात तसा त्याने मला थेट गिटारच्या तारांसमोर लावला. आता इलेक्ट्रिक गिटारच्या अंगातून आवाज तो किती येणार! मला ऐकू आली नुसती नखीची टिकटिक.

“दादा, आवाज अँपातून येते ना, मंग माईक तिकडं लावा,” रंजीता हसत म्हणाली. हरीओमही हसला आणि मला अँपच्या तोंडाशी बसवलं.

रंजीताने तार छेडली. मी जीव लावून ऐकलं. पण लॅपटॉपमधून जे बाहेर आलं ते ऐकून मलाच लाज वाटली. गोधडीत तोंड खुपसून कोणी बोलावं, तसा दबलेला आवाज. जागा बदलली, वायर बदलली, विनोदने लॅपटॉपवर काय काय खालीवर केलं. तरी तसाच.

“मेला हा माईक,” विनोद म्हणाला. “भंगारात घाला.”

मला असा राग आला म्हणून सांगू! पण बोलणार कसा? शनिवारची दुपार कलत होती. रंजीता खाली बसली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ते कोणाला दिसू नये म्हणून तिने मला स्टँडवरून काढून मांडीवर घेतलं, उगाच उलटसुलट करीत राहिली. तशी तिच्या ओढणीवर लाल भुकटी सांडली.

“हे काय वो?”

तिने माझी जाळी धरली आणि फिरवली. जाळी हटता हटेना, तिने ओढणीचं टोक गुंडाळून जोर केला तेव्हा कुठे सुटली. आतला स्पंज बघायला सगळे पुढे वाकले. स्पंज कसला, भाकरीच झाली होती त्याची. हळद, कुंकू, गुलाल, दरवर्षीचा थरावर थर, दमट हवेत भिजलेला आणि वाळून घट्ट झालेला. मधोमध तांदळाचे दाणेही अडकलेले. माझा पडदा ठणठणीत होता हो! नाकातोंडात कुंकू कोंबलेल्या माणसाने बोलायचं कसं?

रंजीता ताडकन उठली. “धुतो मी हे.”

“अवं थांब!” हरीओम आडवा आला. “खंडेनवमीचं कुंकू हाय थे. पुजेचं कुंकू कोणी मोरीत धुते का? मह्या धंद्याची लक्ष्मी हाय थे.”

“दादा, उद्या आईतवार हाये.”

“हाये ना, पण असं नसते करत. अपशकून होते.”

हरीओमचा जीव खरोखरच खालीवर होत होता. मला त्याचं वाईट वाटलं, कारण ते कुंकू त्याने मायेनेच लावलं होतं. रंजीता हातात स्पंज घेऊन तशीच उभी राहिली. मोठ्या माणसाचं मन मोडून कसं करावं, हे तिला सुचेना.

तेव्हा धनीबाई पुढे आली. तिने लेकीच्या हातातून स्पंज घेतला, कपाळाला लावला आणि म्हणाली, “काहून हरीओमभाऊ, तुमी देवाले रोज आंघोळ घालता का नाही?”

“घालतो ना.”

“कालचं गंध धुतल्याबगर आजचं लावता का?”

हरीओमने डोकं खाजवलं. “नाही लावत.”

“मंग या बिचाऱ्याले काहून पारोसं ठेवलं इतकी वर्सं?”

विनोद खो खो हसला. हरीओमही हसला, पण जरा ओशाळून. धनीबाईने स्पंज कोमट पाण्यात बुडवला आणि हलक्या हाताने दाबत राहिली. पाणी लाल झालं, मग पिवळं, मग स्वच्छ. ते सगळं पाणी तिने तुळशीत ओतलं, म्हणजे हरीओमचंही समाधान झालं. रंजीताने जाळी दात घासायच्या जुन्या ब्रशने घासली. माझ्या पडद्याला मात्र तिने बोटही लावलं नाही, पाण्याचा थेंबही नाही. शहाणी पोरगी! स्पंज दोरीवर वाळत घातला आणि रात्रभर सगळ्यांनी त्याला मधून मधून हात लावून पाहिलं.

रविवारी सकाळी मी पुन्हा अँपसमोर उभा राहिलो. नाक मोकळं, डोकं हलकं. रंजीताने टॉर्च घेऊन अँपच्या कापडातून आत पाहिलं, स्पीकरचा गोल नेमका कुठे आहे ते शोधलं. आधी मला गोलाच्या मधोमध धरलं. आवाज चिरका आला. मग जरा काठाकडे सरकवलं, तसा तो गोल आणि भरीव झाला. कापडापासून चार बोटं अंतर ठेवलं. माईक महाग नसला तरी चालतो मित्रांनो, पण त्याला दोन-चार बोटं इकडेतिकडे सरकवायचा कंटाळा केलात तर महागडासुद्धा फुकट.

“आता वाजव,” विनोद म्हणाला.

मळणीयंत्र सुरूच होतं. बकरी होती, नानीबाईंचा खोकला होता. आणि दाराबाहेर रामधन दगडावर कोयत्याला धार लावत बसला होता. खस्स, खस्स. सगळं माझ्या पाठीमागे. मी म्हटलं, बसा तिकडेच. माझ्यासमोर फक्त रंजीताची गिटार होती आणि मी तिचा एकेक सूर मोजून मापून आत घेतला. ती हळू वाजवी तेव्हा हळू आणि तिने जोरात तार ताणली तेव्हा अँप गरजला, तोही मी छाती काढून झेलला. दोनदा ती चुकली आणि थांबली. तिसऱ्यांदा डोळे मिटून तिने गाणं शेवटपर्यंत नेलं.

लॅपटॉपमधून ते सगळ्यांनी ऐकलं. पहिला हरीओमच म्हणाला, “बावा, हे तं कॅसेटवानी वाजून राह्यलं!” त्याच्या तोंडी याहून मोठी तारीफ नाही. रंजीताने गाणं पाठवून दिलं. रविवार संपला. उत्तर आलं नाही.

सोमवारी उजाडायला ट्रक तांड्यात उभा होता. मी खिडकीत होतो, तोंड अंगणाकडे, म्हणून सगळं मला ऐकू येत होतं. भांडी चढली, गोधड्या चढल्या, ज्वारीचं पोतं चढलं. रंजीताचं गाठोडं चढलं आणि तिच्यासाठी आणलेला नवा कोयताही चढला.  धनीबाईने तिच्या पाठीवरून हात फिरवला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आपण कमी पडलो की काय, असं पहिल्यांदाच वाटलं.

तेवढ्यात फोन वाजला. रंजीताने तो सगळ्यांना ऐकू जाईल असा स्पीकरवर लावला. पुण्याच्या बाई बोलत होत्या.

“रंजीता, अगं रात्री फार उशिरा ऐकलं, म्हणून कळवलं नाही. गिटार फार छान आली आहे. कुठल्या स्टुडिओत केलंस? बाकीची गाणी आजच पाठवते, लगेच कामाला लाग.”

रंजीता आधी हसली आणि मग तोंडावर ओढणी धरून रडायलाच लागली. रामधनने लेकीकडे पाहिलं. तो लगेच ट्रकच्या चाकावर पाय देऊन वर चढला आणि तिचं गाठोडं शोधून खाली दिलं. मग तो नवा कोयता खाली काढला आणि स्वतः घरात नेऊन छपराला खोचून आला.

टोळीचा मुकादम फुलचंद माणसं मोजत होता. त्याने हाक मारली, “रामधन, एक माणूस कमी भरून राह्यलं. पोट्टी कुठं हाये तुही?”

रामधनने ताठ मानेने सगळ्या तांड्याला ऐकू जाईल असं सांगितलं, “पोट्टी कामावर हाये!”

मित्रांनो, आयुष्यात मी पुष्कळ भाषणं ऐकली. असं एकही नाही.

आता तुम्हाला एवढंच सांगायचं. वस्तूवर माया करा, तिची पूजा करा, पण तिला पुसतही चला. आवाज दबला म्हणून लगेच भंगार म्हणू नका, आधी जाळी उघडून बघा. आणि नवा माईक घ्यायचाच असेल तर स्टार मोजू नका. तुम्ही कुठे बसून वाजवता, काय ऐकवायचं आहे आणि काय मागे ठेवायचं आहे, ते ठरवा आणि मग घ्या.

बरं, आता सरका. रंजीताने अँप लावला आहे, आणि मीही कामावर आहे.